एका क्लोराइडवरून साऱ्या समुद्राचे मीठ

समुद्राचे पाणी आटवायचे, उरलेले मीठ तोलायचे, झाला हिशेब, असे कुणालाही वाटेल. सतराव्या शतकात रॉबर्ट बॉइलने हेच करून पाहिले. वजन दर वेळी वेगळे भरले. दोष मुख्यतः मॅग्नेशियम क्लोराइडचा. पावसाळ्यात बरणीतल्या खड्या मिठाला पाणी सुटते ते याच्यामुळेच. कमी तापवले तर हा क्षार पाणी धरून ठेवतो. जास्त तापवले तर त्यातले क्लोरीन हायड्रोक्लोरिक आम्लाच्या वाफेबरोबर उडून जाते.

वाट सापडली ती वेगळ्याच बाजूने. 1819 मध्ये अलेक्झांडर मार्सेने दूरदूरच्या समुद्रांचे नमुने तपासून सांगितले की पाणी कमी खारट असो वा जास्त, त्यातल्या क्षारांचे आपसातले प्रमाण जवळपास तेच राहते. 1865 मध्ये कोपनहेगनच्या फोर्खहामरने ते भक्कम केले. मग 1884 मध्ये विल्यम डिटमारने 'चॅलेंजर' जहाजाने जगभरातून आणलेल्या 77 नमुन्यांचे पृथक्करण प्रसिद्ध केले. मला या साऱ्या इतिहासात हेच काम सर्वांत मोठे वाटते, कारण त्यानंतर एकच घटक मोजून बाकीचे गणिताने काढणे भरवशाचे झाले.

मोजायला सोपे क्लोराइड, म्हणजे क्षारांतला क्लोरीनचा भाग. पाण्यात पोटॅशियम क्रोमेटचे थेंब टाकले की ते पिवळे होते. वरून ब्युरेटमधून, म्हणजे खुणा केलेल्या तोटीच्या काचनळीतून, सिल्व्हर नायट्रेट सोडत राहायचे. दह्यासारखा पांढरा साका धरतो आणि क्लोराइड संपताच एका थेंबात विटकरी छटा येते. तिथे हात थांबवायचा. किती सिल्व्हर नायट्रेट लागले त्यावरून क्लोराइड कळते.

क्लोराइडच्या या मापावरून (याला क्लोरिनिटी म्हणतात, किलोभर पाण्यात साधारण किती ग्रॅम क्लोराइड) क्षारता, म्हणजे किलोभर पाण्यात साधारण किती ग्रॅम क्षार, काढण्याचे सूत्र मार्टिन क्नुडसेनच्या समितीने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दिले: क्षारता = 0.030 + 1.805 × क्लोरिनिटी. त्यातले 0.030 नद्यांचे पाणी मिसळलेल्या बाल्टिक समुद्राच्या नमुन्यांमुळे आले होते. ते साऱ्या महासागरांना लागू नव्हते, म्हणून 1960 च्या दशकात नुसते 1.80655 × क्लोरिनिटी ठरले. 1978 पासून मात्र क्षारता विद्युतवाहकतेवरून ठरते.

प्रमाणाचा नियम आजही तोच. क्षारता 35 असेल तर किलोभर पाण्यात मॅग्नेशियम सुमारे 1.28 ग्रॅम, 28 असेल तर 1.28 × 28 ÷ 35, म्हणजे 1.02 ग्रॅम. पण नदीच्या मुखाशी, खाडीत, हा हिशेब जपून करावा. नदी स्वतःचे कॅल्शियम आणि बायकार्बोनेट घेऊन येते, आणि त्यांचे प्रमाण समुद्रासारखे नसते.