मुलांच्या मूत्राशयातील गाठी आणि सोनोग्राफी

मूत्राशयाची, म्हणजे लघवीच्या पिशवीची, गाठ हा एरवी उतारवयातला आजार. मुलांत ती क्वचितच होते आणि झालीच तर तिची जातही वेगळी असते. मोठ्यांत ती बहुधा आतल्या अस्तरातून उगवते, लहानग्यांत अस्तराखालच्या ऊतींतून. मुलांतला सर्वाधिक आढळणारा मूत्राशयाचा कर्करोग रॅब्डोमायोसार्कोमा, म्हणजे स्नायूंसारख्या अपक्व पेशींचा कर्करोग; तो मुख्यतः पहिल्या काही वर्षांतच डोके वर काढतो. अस्तरातून वाढणाऱ्या, सहसा सौम्य गाठी किशोरवयाकडे दिसतात. लघवीतून रक्त, लघवी तुंबणे, ओटीपोटात फुगवटा ही लक्षणे. पण सुरुवातीला ती जंतुसंसर्गाच्या नावावर खपून जातात.

पहिली तपासणी सोनोग्राफी. क्ष-किरण नाहीत, भूल नाही, म्हणून ती पुन्हापुन्हा करता येते. अट एकच: मूत्राशय भरलेले हवे. साठलेली लघवी पडद्यावर काळी दिसते आणि त्या काळ्या पार्श्वभूमीवर गाठ उठून दिसते. रिकाम्या मूत्राशयाची भिंत सुरकुतून जाड होते. भरल्यावर साधारण 3 आणि रिकामे असताना 5 मिलिमीटरपर्यंतची जाडी सामान्य धरतात. दोन वर्षांच्या मुलाला ‘थांब जरा, शू करू नको’ हे सांगून पटत नाही. पोटावर गार जेल लागताच तो तपासणीच्या टेबलावरच मोकळा होतो, की पुन्हा पाणी पाजून वाट बघणे आले.

रॅब्डोमायोसार्कोमाचा बॉट्रिऑइड प्रकार मूत्राशयाच्या पोकळीत घोसासारखा लोंबतो. ग्रीकमधल्या द्राक्षांच्या घडावरून पडलेले हे नाव पडद्यावर पाहिले की लगेच पटते. मात्र रक्ताची गुठळीही हुबेहूब गाठीसारखी दिसू शकते. अशा वेळी मुलाला कुशीवर वळवतात: सुटी गुठळी घरंगळते, गाठ भिंतीला धरून राहते. डॉप्लर या सोनोग्राफीच्याच पद्धतीने गाठीतला रक्तप्रवाह दिसतो, गुठळीत तो नसतो. मूत्रपिंडातून लघवी आणणाऱ्या मूत्रवाहिनीच्या टोकाचा फुगा (युरेटेरोसील) आणि तीव्र दाहाने सुजलेली भिंत यांनीही फसगत होते. दाहाचा संशय असेल तर उपचारानंतर पुन्हा सोनोग्राफी करून सूज ओसरली का ते पाहतात.

मूत्रपिंडे पाहिल्याशिवाय ही तपासणी पुरी होत नाही, कारण गाठीने मूत्रवाहिनीचे तोंड दाबले की वर मूत्रपिंड फुगते. गाठीची जात मात्र सोनोग्राफी सांगत नाही. तो निकाल बायोप्सीचा, म्हणजे गाठीचा तुकडा काढून केलेल्या तपासणीचा. आजूबाजूला पसरलेली व्याप्ती एमआरआयवर अधिक स्पष्ट कळते.