हरणटोळ खरंच टाळू फोडतो का?

बेळगावहून चोर्ला घाटानं गोव्याच्या किनाऱ्याला निघालं की घरातलं कुणीतरी बजावतंच, "झाडाखाली थांबू नका, हरणटोळ टाळू फोडतो!"

हरणटोळ म्हणजे झाडाझुडपांत राहणारा हिरवा साप. आधी त्याचे दात बघू. विषदंत छोटे, तेही जबड्यात मागच्या बाजूला. सरडे-बेडूक धरायला ते पुरतात, कवटी फोडायला नाही. विष सौम्य, माणसाला चावलाच तर बहुधा सूज नि ठणका. मग समज आला कुठून? हा बसतो झुडपात, अनेकदा आपल्या तोंडाच्या उंचीवर, आणि डिवचलं की समोर झेपावतो. घाबरायला तेवढं पुरत असावं.

खानापूरच्या रानात दिसलाच तर लांबूनच निरखा: लांब टोकदार तोंड, डोळ्यातली बाहुली आडवी. तिकोनी डोकं, उभी बाहुली असेल तर तो चापडा. तोही हिरवाच, पण खरा विषारी. म्हणून हात कुठल्याच हिरव्या सापाला लावू नका, चावला तर थेट दवाखाना गाठा.