ऊर्जा-स्वावलंबन आणि परदेशी तेलाचा वाद

ऊर्जा-स्वावलंबन : देशाला लागणारी ऊर्जा देशातच निर्माण व्हावी, निदान तिच्यासाठी परक्या सत्तेच्या मर्जीवर राहावे लागू नये, या धोरणकल्पनेला ऊर्जा-स्वावलंबन म्हणतात. वीज बहुतेक देशांना कोळसा, पाणी, अणुभट्टी किंवा वारा यांपैकी कशापासून तरी घरच्या घरी करता येते. मोटारी, मालट्रक, विमाने आणि जहाजे ज्यावर चालतात ते खनिज तेल मात्र जिथे असेल तिथेच निघते. त्यामुळे चर्चा ऊर्जेची असली तरी भांडण बहुधा तेलाचेच असते. हे भांडण सर्वांत जास्त काळ आणि सर्वांत मोठ्या आवाजात चालले ते अमेरिकेत. जगातला सर्वांत मोठा तेलग्राहक असलेल्या या देशाने परावलंबन आणि स्वयंपूर्णता या दोन्ही अवस्था अनुभवल्या आहेत, म्हणून या नोंदीत मुख्यतः तिथल्याच वादाचा विचार केला आहे.

वादाची सुरुवात टंचाईने झाली नाही, सुकाळाने झाली. १९५० नंतरच्या दशकात मध्यपूर्वेचे तेल इतके स्वस्त येऊ लागले की देशी विहिरींचे मालक धास्तावले. १९५९ मध्ये राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी राष्ट्रीय सुरक्षेचे कारण देऊन आयातीवर सक्तीची मर्यादा घातली आणि ती १९७३ पर्यंत टिकली. देशी तेल जपायचे म्हणून देशी तेलच आधी उपसायचे, असा हा उलटा न्याय. टीकाकारांनी तेव्हाच तो दाखवून दिला होता. याच काळात टेक्सासमध्ये विहिरींनी महिन्याला किती तेल काढायचे हे तिथला रेल्वे आयोग ठरवत असे. (नाव रेल्वेचे, सत्ता तेलावर.) आयोग विहिरी मुद्दाम अर्ध्यामुर्ध्या चालवायचा, त्यामुळे जगात कुठे तुटवडा पडला तर टेक्सासची तोटी थोडी सैल करता येई. अमेरिकेचे उत्पादन १९७० मध्ये तेव्हाच्या शिखरावर पोचले आणि १९७२ मध्ये आयोगाने पूर्ण क्षमतेने तेल काढण्यास मुभा दिली. राखीव ताकद संपली होती. पुढच्या वर्षीच्या तेलबंदीचीच आठवण सगळे काढतात. पण बाजी पलटली ती या निर्णयाच्या वेळी.

ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब-इस्राएल युद्ध पेटले. अरब तेल उत्पादकांनी उत्पादन घटवले आणि अमेरिका, नेदरलँड्स वगैरे देशांना तेल देणे बंद केले. पिंपाचा भाव सुमारे ३ डॉलरवरून काही महिन्यांत १२ डॉलरच्या घरात गेला (एक पिंप म्हणजे १५९ लिटर). अमेरिकेत पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या. कुठे गाडीच्या क्रमांकावरून सम-विषम वार ठरले. ऑरेगन राज्यात पंपावर झेंडे लागत : हिरवा म्हणजे सगळ्यांना पेट्रोल, लाल म्हणजे टाकी कोरडी. महामार्गावर ताशी ५५ मैलांची वेगमर्यादा आली. ७ नोव्हेंबर १९७३ रोजी राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी ‘प्रोजेक्ट इंडिपेंडन्स’ जाहीर केला. अणुबॉम्बचा प्रकल्प आणि चांद्रमोहीम यांचा दाखला देत त्यांनी सांगितले की, १९८० पर्यंत अमेरिका परदेशी ऊर्जेवर विसंबून राहणार नाही. प्रत्यक्षात १९७७ मध्ये देशात वापरल्या जाणाऱ्या तेलापैकी जवळपास निम्मे बाहेरून येत होते.

त्या रांगांचे खापर एकट्या अरबांवर फोडता येत नाही. जहाजात भरलेले तेल कोणत्या बंदरात उतरेल हे विकणाऱ्याच्या हाती पूर्णपणे कधीच नसते. अरबांचे तेल दुसरीकडे वळले, तसे दुसऱ्यांचे तेल अमेरिकेकडे वळले. उत्पादनकपातीने भाव सगळ्यांसाठीच वाढले; बंदी असलेल्यांना वेगळे आणि नसलेल्यांना वेगळे, असे काही झाले नाही. अमेरिकेत रांगा लांबल्या याचे मोठे कारण १९७१ पासूनचे सरकारी किंमत-नियंत्रण आणि कोणत्या भागाला किती तेल द्यायचे याचे ठरावीक वाटप हे होते. एका भागात पंप ओसंडून वाहत असताना दुसऱ्या भागात लोक पहाटेपासून ताटकळत.

या काळातला सर्वांत टिकाऊ कायदा डिसेंबर १९७५ चा. त्याने तीन गोष्टी केल्या : नव्या मोटारींनी एका गॅलनात (सुमारे ३.८ लिटर) सरासरी किती मैल गेले पाहिजे हे ठरवले (१९८५ साठी २७.५ मैल), देशी कच्च्या तेलाच्या निर्यातीवर बंधन घातले आणि सरकारी राखीव तेलसाठा उभारायला मंजुरी दिली. हा साठा पोलादी टाक्यांत नाही. टेक्सास आणि लुइझियानाच्या किनाऱ्यालगत जमिनीखाली मिठाचे प्रचंड घुमट आहेत. त्यात विहीर खणून पाणी सोडायचे, मीठ विरघळवून खारे पाणी उपसून टाकायचे, की आत पोकळी तयार होते. अशी एक पोकळी साधारण ६० मीटर रुंद आणि पाऊण किलोमीटर उंच असते. तेल मिठात मुरत नाही आणि वरच्या दाबाने भिंतीतली बारीक भेग आपोआप मिटते. तेल हवे असेल तेव्हा तळाशी पाणी सोडतात, हलके तेल वर चढून येते. मात्र दर वेळी त्या पाण्याने थोडे मीठ विरघळते आणि पोकळी थोडी मोठी होते, म्हणून तिचा वापर बेताबेतानेच करावा लागतो. तेल आयात करणाऱ्या श्रीमंत देशांनी १९७४ मध्ये आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्था स्थापन करून निव्वळ आयातीच्या (आयात वजा निर्यात) ९० दिवसांइतका साठा ठेवण्याचे मान्य केले. त्या जाळ्यातला सर्वांत मोठा सरकारी साठा हाच.

राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी जुलै १९७९ मध्ये वचन दिले की, अमेरिका १९७७ पेक्षा जास्त परदेशी तेल पुन्हा कधीच वापरणार नाही. दगडी कोळशापासून व शेल खडकापासून तेल काढण्यासाठी सरकारी महामंडळ निघाले. व्हाइट हाउसच्या छपरावर पाणी तापवणारी सौर तावदाने बसली. यात यश आलेच नाही असे म्हणणे चूक ठरेल : निव्वळ आयात १९७७ मध्ये दिवसाला सुमारे ८६ लाख पिंपे होती, ती १९८५ मध्ये ४३ लाखांवर आली. श्रेय बहुतांशी महागाईला, कमी पेट्रोल पिणाऱ्या मोटारींना आणि तेल सोडून कोळसा व अणुशक्तीकडे वळलेल्या वीजकेंद्रांना. अलास्काची १९७७ मध्ये सुरू झालेली पाइपलाइनही मदतीला आली. पण मागणी घटली तसे १९८६ मध्ये भाव कोसळले आणि काटकसरीची गरजच वाटेनाशी झाली. त्याच वर्षी ते महामंडळ गुंडाळले गेले आणि छपरावरची तावदानेही उतरली. पुढची वीस वर्षे आयात वाढत राहिली. २००५ मध्ये वापराच्या सुमारे ६० टक्के तेल निव्वळ आयातीतून येत होते आणि २००६ मध्ये टेक्सासच्याच राष्ट्राध्यक्ष बुश (धाकटे) यांनी अमेरिकेला तेलाचे व्यसन लागल्याची कबुली दिली.

मग जे कोणत्याच सरकारी योजनेला जमले नाही ते आडव्या विहिरी आणि फ्रॅकिंग यांनी केले. खोल खडकाच्या थरात आडवी विहीर नेऊन, पाणी, वाळू आणि रसायने प्रचंड दाबाने सोडून खडक फोडायचा, हे तंत्र आधी टेक्सासमधल्या बार्नेट खडकात वायूसाठी पिकले आणि नंतर नॉर्थ डकोटा व पश्चिम टेक्सासमध्ये तेलासाठी वापरात आले. २००८ मध्ये दिवसाला सुमारे ५० लाख पिंपे असलेले कच्च्या तेलाचे उत्पादन २०१९ मध्ये १ कोटी २० लाखांच्या वर गेले. २०१५ च्या अखेरीस निर्यातबंदी उठली. २०२० मध्ये कच्चे तेल आणि तेलपदार्थ मिळून अमेरिका निव्वळ निर्यातदार झाली. निक्सन यांचे स्वप्न चाळीस वर्षे उशिरा का होईना, हिशेबापुरते खरे झाले.

हिशेबापुरतेच, याचा प्रत्यय लवकरच आला. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर हल्ला केला. अमेरिका रशियाकडून तुलनेने थोडेच तेल घेत होती आणि स्वतः निव्वळ निर्यातदार होती. तरी जूनमध्ये तिथे पेट्रोलचा सरासरी भाव इतिहासात प्रथमच गॅलनला ५ डॉलरवर गेला. जगभरचे तेल शेवटी एकाच हौदात पडते आणि भाव हौदाचा असतो. टेक्सासमधला उत्पादक शेजारच्या ग्राहकाला स्वस्त देत नाही, कारण तेच पिंप रॉटरडॅमला जास्त दराने जाते. सरकारला त्या वर्षी मिठाच्या पोकळ्यांतून १८ कोटी पिंपे काढायचा निर्णय घ्यावा लागला. २०२३ मध्ये साठा चाळीस वर्षांतल्या नीचांकावर आला.

शिवाय सगळे तेल सारखे नसते. फ्रॅकिंगने निघणारे शेल तेल हलके, तर मेक्सिकोच्या आखातालगतच्या अनेक अमेरिकी रिफायनऱ्या जड, गंधकयुक्त तेल पचवण्यासाठी कित्येक अब्ज डॉलर खर्चून बांधलेल्या. म्हणून हलके तेल बाहेर जाते आणि जड तेल आत येते. निव्वळ निर्यातदार झालेली अमेरिका आजही रोज ६० लाखांहून जास्त पिंपे कच्चे तेल आयात करते आणि त्यात निम्म्याहून अधिक वाटा कॅनडाचा असतो. ‘परदेशी तेल’ म्हटले की सभेत वाळवंट डोळ्यांसमोर आणले जाते. प्रत्यक्षात त्याचा मोठा वाटा कॅनडातल्या अल्बर्टा प्रांतातून येतो.

म्हणून स्वावलंबनाला अर्थच नाही, असे मात्र नव्हे. भाव चढले की आयातदार देशाचा पैसा बाहेर जातो. उत्पादक देशात तो ग्राहकाच्या खिशातून निघून देशातल्याच विहीरमालकाच्या, मजुराच्या आणि करवसुली करणाऱ्या राज्याच्या हाती पडतो. त्याने वाहनचालकाचे दुखणे कमी होत नाही, देशाच्या ताळेबंदाचे होते. नैसर्गिक वायूची गोष्ट तर सरळच निराळी. वायू पाइपलाइनने जातो किंवा अतिशय थंड करून द्रवरूपात जहाजात भरावा लागतो, त्यामुळे त्याचा एकच जागतिक हौद बनलेला नाही. २०२१ मध्ये जर्मनीच्या वायू-आयातीपैकी निम्म्याहून अधिक रशियातून होत होती. पुढच्या वर्षी पुरवठा आटला तेव्हा युरोपातले भाव अमेरिकेतल्या भावांच्या कित्येक पट झाले. घरचा वायू असण्याचा फायदा तिथे उघड दिसला.

याउलट घरचे तेल असूनही पंप कोरडे पडू शकतात. सप्टेंबर २००० मध्ये ब्रिटन उत्तर समुद्रातल्या तेलामुळे निव्वळ निर्यातदार होता. इंधनकरावर चिडलेल्या शेतकऱ्यांनी आणि ट्रकचालकांनी रिफायनऱ्या व डेपो यांची दारे अडवली आणि काही दिवसांत बहुतेक पंप बंद पडले. त्याच ब्रिटनमध्ये १९१३ साली नौदल कोळशावरून तेलावर नेताना तेव्हाचे नौदलमंत्री चर्चिल यांनी संसदेत सांगितले होते की तेलाची खात्री वैविध्यात, आणि केवळ वैविध्यातच असते. पुढच्याच वर्षी त्यांच्या सरकारने इराणमधल्या एका तेल कंपनीत बहुमताचे भाग घेतले, ही त्याच माणसाची दुसरी बाजू.

अलीकडे वादाचा विषय तेलाकडून यंत्रांकडे सरकतो आहे. सौर तावदानांच्या निर्मितीतल्या प्रत्येक टप्प्यावर चीनचा वाटा ८० टक्क्यांहून अधिक आहे. बॅटरीची खनिजे शुद्ध करण्यातही तोच पुढे आहे. ही नवी गुलामगिरी, असे एक बाजू म्हणते. पण तेलाचे जहाज थांबले तर पंप काही आठवड्यांत सुकतो, आणि तावदानांचे जहाज थांबले तर बसवलेली तावदाने वीस-पंचवीस वर्षे वीज देतच राहतात. थांबते ती नवी उभारणी. दोन्ही परावलंबने एकाच तराजूत घालणारे भाषण ऐकताना हा फरक लक्षात ठेवावा लागतो.