पोळ्या गुंडाळायची फॉइल आणि मायलार: ग्रो रूमच्या भिंतीला काय लावावं?

दोन्ही चंदेरी, दोन्ही चकचकीत, दोन्ही गुंडाळीत मिळतात. ग्रो रूम म्हणजे दिव्याखाली रोपं वाढवायची खोली किंवा कपाट; तिथे भिंतीवर पडलेला उजेड रोपांकडे परत यावा म्हणून चकचकीत काहीतरी लावतात. त्यामुळे घरात एलईडीखाली लेट्यूस, तुळस किंवा मोहरीचे मायक्रोग्रीन्स (कोवळी, खायची रोपं) लावणारे बरेच जण पोळ्या गुंडाळायची फॉइलच भिंतीला चिकटवतात, आणि मायलार म्हणतात ते हेच असं धरून चालतात. पण दोन्ही वस्तू मुळातच वेगळ्या आहेत, आणि भिंतीवर चढल्या की वागतातही वेगळ्या.

फॉइल म्हणजे लाटून लाटून पातळ केलेलं निव्वळ ॲल्युमिनियम. घरातली साधारण 11 ते 18 मायक्रॉन जाड असते. मायलार हे पॉलिएस्टर फिल्मचं व्यापारी नाव. ग्रो रूममध्ये वापरतात त्या फिल्मवर निर्वात यंत्रात ॲल्युमिनियमची वाफ बसवलेली असते. तो थर इतका पातळ असतो की साधी फिल्म डोळ्यासमोर धरून दिव्याकडे पाहिलं तर दिवा अंधुक दिसतो. नासाने 1960 साली अवकाशात सोडलेला एको 1 हा सुमारे 30 मीटर व्यासाचा फुगा अशाच फिल्मचा होता. पृथ्वीवरून पाठवलेल्या रेडिओ लहरी त्याच्यावर आपटून परत येत. दुकानात शंका आली तर छोटा तुकडा मुठीत चुरगळून बघा. फॉइलचा बोळा बोळाच राहतो, फिल्म कुरकुरत पुन्हा उघडते.

भिंतीवरचा सगळा फरक या चुरगळण्यातच आहे. ॲल्युमिनियम दोन्हीकडे तेच आहे आणि सपाट, स्वच्छ असेल तर पडलेल्या उजेडातला नव्वद टक्क्यांच्या आसपास भाग परत पाठवतं. पण फॉइल हात लागेल तिथे सुरकुतते, आणि एकदा पडलेली सुरकुती जात नाही. मग उजेड ठिकठिकाणी तुटक परततो: ट्रेचा एक कोपरा उजळ, शेजारचा मंद. फॉइलची चकचकीत बाजू बाहेर ठेवावी की मंद, यावर लोक वाद घालतात. त्यात दम नाही. शेवटच्या फेरीत दोन थर एकत्र लाटतात, म्हणून एकमेकांना लागलेल्या बाजू मंद दिसतात. परावर्तनात फरक किरकोळच.

आणखी एक गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. फॉइल सरळ वीज वाहून नेते. पाणी, पंखा, दिव्याच्या तारा आणि चारी बाजूंनी उघडा धातू एकाच छोट्या खोलीत आणू नका. फिल्मचा धातूचा थरही वीज वाहू शकतो, तेव्हा प्लग आणि जोडांपासून तीही लांबच ठेवा.

बडोद्यात या गोंधळात तिसरी वस्तू शिरते: गणपतीच्या मखरातून उरलेला चंदेरी शीट. पुष्कळदा त्यावर नक्षी दाबलेली असते किंवा मागे कागद असतो. नक्षीमुळे उजेड विखुरतो, हे वाईट नाही. पण कागद दमट हवेत फुगतो आणि कडा सुटतात. शेतीच्या दुकानातला, वाफ्यावर अंथरायचा चंदेरी-काळा प्लास्टिकचा मल्चिंग पेपरही मायलार नव्हे. त्यात चंदेरी रंग मिसळलेला असतो, धातूचा थर नसतो, म्हणून उजेड कमी परततो.

आता माझं मत. चालता येईल एवढ्या खोलीसाठी फॉइल आणि फिल्म या दोन्हींपेक्षा मॅट पांढरा रंग बरा. चांगला पांढरा इमल्शनही ऐंशी टक्क्यांच्या वर उजेड परत देतो, आणि तो सगळीकडे पसरवून देतो, त्यामुळे खालच्या पानांपर्यंतही पोचतो. ऑफ-व्हाइट नको, ग्लॉसही नको. चुना स्वस्त आहे, पण ओलीत त्याची पूड पानांवर झडते. फिल्मची खरी जागा कपाटात किंवा अरुंद रॅकमध्ये, जिथे भिंत पानांपासून दोन-तीन बोटांवर असते आणि बाजूने निसटणारा उजेड लगेच परत आणायचा असतो.

बडोद्यात दांडिया बाजार, रावपुऱ्याकडच्या जुन्या घरांत पावसाळ्यात भिंतींना ओल येते. अशा भिंतीवर फिल्म थेट चिकटवलीत तर ओल मागे कोंडते आणि बुरशी धरते. त्यापेक्षा पाट्या बनवणाऱ्यांकडे मिळणारा पांढरा सनबोर्ड (हलका, फेसाळ प्लास्टिकचा फळा) भिंतीपासून थोडं अंतर सोडून उभा करा. तो स्वतःच चांगला पांढरा पृष्ठभाग आहे, ओल्या फडक्याने पुसता येतो. फिल्म हवीच असेल तर त्याच्यावर ताणून, एकही फुगा न ठेवता लावा.

काय लावून किती फायदा झाला हे मोबाइलच्या लक्स मीटर (उजेड मोजणाऱ्या) ॲपवर कळतं. आकडा तंतोतंत नसतो, पण तोच फोन, तोच दिवा आणि तीच जागा असेल तर तुलना चालते. फोन ट्रेच्या मध्यावर ठेवू नका, तिथे दिव्याचा थेट उजेडच जास्त असतो. कोपऱ्यात, पानांच्या उंचीवर ठेवा; भिंतीचं काम तिथे दिसतं.

फिल्म पुसताना कोरडं फडकं घासू नका. बऱ्याच फिल्मवर धातूचा थर उघडाच असतो, तो ओरखडतो आणि दमट हवेने ठिपक्या-ठिपक्यांनी उडतो. अधूनमधून मागून टॉर्च मारा. उजेडाच्या टिकल्या दिसल्या तर तिथला थर गेला आहे. तेवढा तुकडा बदला.