आम्लपित्त, जुनाट : आहार व दिनचर्येने नियमन

आम्लपित्त, जुनाट : जठरातील आम्लयुक्त द्रव वारंवार अन्ननलिकेत उलटून येत राहिल्याने छातीच्या मध्यभागी, उरोस्थीच्या मागे होणारी जळजळ, घशाशी येणारे आंबट किंवा कडवट पाणी आणि करपट ढेकर ही ज्याची मुख्य लक्षणे आहेत, असा दीर्घकाळ टिकणारा विकार. जेवणानंतर, वाकल्यावर आणि आडवे झाल्यावर जळजळ वाढते. एखाद्या सणाच्या जेवणानंतर कधीतरी होणारी जळजळ म्हणजे हा विकार नव्हे. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आणि माँट्रियल व्याख्या म्हणून ओळखल्या जाणाऱ्या निकषांनुसार सौम्य लक्षणे आठवड्यातून दोन किंवा अधिक दिवस, अथवा मध्यम ते तीव्र लक्षणे आठवड्यातून एकाहून अधिक दिवस जाणवत असल्यास ती सर्वसाधारणपणे त्रासदायक समजली जातात. प्रस्तुत नोंदीत औषधोपचाराचा विचार जुजबी असून आहार आणि दिनचर्या यांचा विचार मुख्यतः सातारा व सांगली या जिल्ह्यांतील खाद्यरीती समोर ठेवून केला आहे.

प्राचीन उल्लेख : आयुर्वेदीय वाङ्मयात आम्लपित्ताला स्वतंत्र व्याधीचे स्थान केव्हा मिळाले, याविषयी अभ्यासकांत एकमत नाही. चरकसंहिता व सुश्रुतसंहिता यांत या विकारावर स्वतंत्र अध्याय नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील पंचविसाव्या अध्यायात कोणते द्रव्य कोणत्या बाबतीत अग्रणी हे सांगताना आम्लपित्त उत्पन्न करणाऱ्या द्रव्यांत कुळीथ म्हणजे हुलगा प्रमुख मानला आहे. चिकित्सास्थानातील ग्रहणी या पचनविकाराच्या अध्यायात, न पचलेल्या अन्नाचे विषासमान रूप पित्ताशी मिसळले असता दाह, तहान, मुखरोग व आम्लपित्त होते, असे म्हटले आहे. मात्र हा दुसरा अध्याय टीकाकार चक्रपाणिदत्ताच्या गणनेप्रमाणे दृढबल या नंतरच्या संस्कर्त्याने पूर्ण केलेल्या सतरा अध्यायांत मोडतो. त्यामुळे तो उल्लेख मूळ चरकाचा न धरता साधारणपणे चौथ्या-पाचव्या शतकातील धरणे अधिक सुरक्षित ठरते.

आम्लपित्ताची कारणे, लक्षणे आणि चिकित्सा यांची सलग मांडणी काश्यपसंहितेच्या खिलस्थानात आढळते. ही संहिता मुख्यतः नेपाळात मिळालेल्या खंडित पोथीवरून १९३८ मध्ये मुंबईच्या निर्णयसागर छापखान्यातून प्रसिद्ध झाली. तिची परंपरा प्राचीन असली, तरी खिलस्थान हा पुरवणीचा भाग असल्याने तो वात्स्याने केलेल्या संस्काराच्या काळातील, म्हणजे बहुधा सहाव्या-सातव्या शतकातील असावा. माधवनिदान या रोगनिदानावरील ग्रंथाचा काळ सातव्या शतकाची अखेर ते आठव्याचा आरंभ असा सामान्यतः मानतात. त्यात अपचन, थकवा, मळमळ, कडू व आंबट ढेकर, जडपणा, हृदय व कंठ यांचा दाह आणि अरुची ही लक्षणे देऊन ऊर्ध्वग म्हणजे वरच्या मार्गाने जाणारे व अधोग म्हणजे खालच्या मार्गाने जाणारे असे दोन प्रकार केले आहेत. आजच्या वैद्यकातील कोणत्या विकाराशी आम्लपित्ताची सांगड घालावी, हाही वादाचा विषय आहे. काही वैद्य त्यात जठरशोथ व अपचन यांचाही समावेश करतात. तथापि ऊर्ध्वग प्रकाराचे वर्णन जठराम्लाच्या उलट प्रवाहाशी जवळून जुळते आणि या नोंदीत तोच अर्थ घेतला आहे.

काश्यपसंहितेतील कारणांची यादी दक्षिण महाराष्ट्राच्या वाचकाने लक्षपूर्वक वाचावी अशी आहे. आधीचे अन्न पचण्यापूर्वी पुन्हा जेवणे, जेवून लगेच दिवसा झोपणे आणि वेगांचे धारण म्हणजे मलमूत्रादींची प्रेरणा रोखून धरणे यांबरोबर तीत फाणित म्हणजे काकवी, उसाचे इतर पदार्थ, कुळीथ, भाजलेली धान्ये आणि पोहे यांच्या अतिसेवनाचा निर्देश आहे. कृष्णाकाठच्या ऊसपट्ट्यात काकवी व गूळ, सांगलीत भडंग आणि माण, खटाव, आटपाडी, जत या कोरडवाहू तालुक्यांत हुलग्याचे माडगे व शेंगोळे हे नित्याचे पदार्थ आहेत. म्हणून ते वर्ज्यच ठरतात असे नव्हे. संहितेचा रोख पदार्थापेक्षा अतिसेवनावर आहे. शिवाय शेंगोळ्यांत हुलग्याबरोबर लसूण, मिरची आणि तेलही असते, त्यामुळे जळजळीचा दोष एकट्या हुलग्यावर टाकता येत नाही. हा विकार आनूप म्हणजे दमट, पाणथळ प्रदेशात अधिक होतो आणि त्यावर जांगल म्हणजे कोरड्या प्रदेशातील आहार-औषधे योजावीत, असेही त्या ग्रंथाचे मत आहे. सातारा जिल्ह्यात वर्षाला ५,००० मिमीहून अधिक पाऊस पडणारे महाबळेश्वर आणि ५०० मिमीच्या आसपास पावसाचा माण तालुका असे दोन्ही प्रदेश असले, तरी हा भेद आधुनिक अर्थाने रोगप्रसाराचे प्रमाण म्हणून वापरू नये.

विकाराची यंत्रणा : जठररसात हायड्रोक्लोरिक आम्ल असते, हे विल्यम प्राउट यांनी १८२४ मध्ये प्रसिद्ध केले. या रसाचा सामू (pH, म्हणजे आम्लतेचा अंक; तो जितका कमी तितके आम्ल तीव्र) उपाशीपोटी साधारण १.५ ते ३.५ असतो. जठराचे अस्तर तो सहन करते, अन्ननलिकेचे करीत नाही. अन्ननलिकेच्या खालच्या टोकाला सुमारे ३ ते ४ सेंमी. लांबीचा वर्तुळाकार संकोचक स्नायू असून श्वासपटलाचे स्नायूतंतू त्याला बाहेरून आवळून धरतात. बोलण्यात याच रचनेला झडप म्हणतात. अन्ननलिकेच्या दाहाचा संबंध जठराम्लाशी आहे, ही कल्पना ॲशर विंकलस्टाइन यांनी १९३५ मध्ये मांडली. त्यानंतर दीर्घकाळ श्वासपटलातून जठराचा वरचा भाग छातीत सरकणे, म्हणजे हायेटस हर्निया, हेच मूळ कारण समजले जात असे. १९८० च्या सुमारास झालेल्या दाबमापनाच्या अभ्यासांनी हे चित्र बदलले. गिळण्याची क्रिया नसतानाही हा स्नायू काही सेकंद आपोआप सैल पडतो, निरोगी माणसातही पडतो, आणि आम्ल बहुतेक वेळा याच अवधीत वर येते, असे दिसून आले. हर्नियामुळे त्रास बळावतो. पण हर्निया नसलेल्यांनाही हा विकार होतो, याचा उलगडा त्यामुळे झाला.

आहार-दिनचर्येच्या सर्व सूचनांचा आधार हाच आहे. स्नायू सैल पडण्याची मुख्य प्रेरणा जठराचा वरचा भाग ताणला जाण्यातून मिळते, म्हणून एका वेळी पोटभराहून अधिक जेवणे बाधते. स्निग्ध पदार्थांनी जठर रिकामे होण्यास वेळ लागतो. पोटाची चरबी, कमरेला घट्ट आवळलेली नाडी किंवा पट्टा, गरोदरपण आणि जेवल्यावर लगेच वाकून केलेली खुरपणी यांनी पोटातील दाब वाढतो. आडवे झाल्यावर गुरुत्वाकर्षणाचे साहाय्य नाहीसे होते, आणि झोपेत लाळ व गिळणे दोन्ही मंदावल्याने वर आलेले आम्ल धुतले जाण्यास अधिक वेळ लागतो.

आहार आणि जेवणाची वेळ : रुग्णाला सहसा वर्ज्य पदार्थांची लांब यादी दिली जाते. पुरावा तपासला तर ती यादी सर्वांत दुबळी आणि वजन व वेळ यांविषयीच्या सूचना सर्वांत भक्कम आढळतात. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात वजन घटविणे आणि पलंगाचे डोके उंचावणे यांचा लाभ दिसला, पण ठरावीक पदार्थ सोडल्याने लक्षणे निश्चित कमी होतात असा पुरेसा पुरावा मिळाला नाही. अमेरिकन कॉलेज ऑफ गॅस्ट्रोएंटेरॉलॉजी या संस्थेच्या २०२२ च्या मार्गदर्शनातही वजन घटविणे, झोपण्यापूर्वी दोन ते तीन तास काही न खाणे, तंबाखू सोडणे आणि रात्री त्रास होणाऱ्यांनी पलंगाचे डोके उंच करणे यांची शिफारस आहे; पदार्थ टाळण्याची सूचना ज्याला जे बाधते त्यापुरती आहे. म्हणून दोन-तीन आठवडे जेवणाची वेळ, पदार्थ आणि जळजळ यांची वही ठेवून स्वतःचे बाधक पदार्थ ओळखणे हा मार्ग अधिक ग्राह्य वाटतो. भारतीयांच्या बाबतीत २३ च्या पुढचा देहभारांक अधिक वजनाचा आणि २५ पासून पुढचा स्थूलतेचा मानला जातो, हे येथे ध्यानात ठेवावे.

मिसळीचा तर्रीदार कट, मटणाचा रस्सा, खर्डा आणि तळलेली भजी या भागात सर्रास खाल्ली जातात. त्यांतील तिखटाहून तेलाचा भाग आणि खाण्याची वेळ अधिक महत्त्वाची असते. मिरचीतील कॅप्सायसिन आम्ल वाढवते असे सिद्ध नाही; आधीच दाह झालेल्या अन्ननलिकेला ते झोंबते, एवढे खरे. कोरी भाकरी, मुगाचे वरण, दुधी, दोडका, कोहळा, ताजे गोडे ताक असे कमी तेलाचे जेवण बहुतेकांना सोसते. ज्वारीची असो वा बाजरीची, भाकरी सोडण्याचे कारण नाही. भाजीपाला, डाळी आणि भरड धान्ये यांतील तंतू मलावरोध टाळतात आणि कुंथण्यामुळे पोटावर येणारा ताण कमी करतात.

सर्वांत कठीण प्रश्न जेवणाच्या वेळेचा आहे आणि तो केवळ रुग्णाच्या इच्छेवर सोडणे अन्यायाचे ठरेल. शेतीपंपाला रात्रीची वीज असलेल्या पाळीत शेतकरी पाणी पाजून मध्यरात्री घरी येतो. गळीत हंगामात साखर कारखान्यातील कामगारांच्या पाळ्या फिरत्या असतात, विट्याच्या यंत्रमागांवर रात्रपाळी चालते, आणि ऊसतोड मजुरांची दिवसभराची भाकरी पहाटे बांधली जाते. अशांनी दिवसाचे मोठे जेवण कामाच्या आधी घ्यावे आणि परतल्यावर पेजेसारखे थोडेच खाऊन काही वेळ बसून मगच पाठ टेकावी, हे व्यवहारात जमण्याजोगे आहे. संकष्टीच्या उपवासातही हाच दोष दडलेला असतो. दिवसभर चहावर काढून चंद्रोदयानंतर, रात्री नऊच्या आसपास किंवा त्याहून उशिरा, भरपूर जेवण होते आणि लगेच झोप. दुपारी फळे, शेंगदाणे घातलेले थोडे वरीचे तांदूळ असे काही घेतले आणि रात्रीचे ताट हलके ठेवले, तर व्रतही राहते आणि त्रासही टळतो.

चहा व कॉफी यांनी सर्वांनाच बाधते असे नाही. उपाशीपोटीचा कडक चहा ज्यांना बाधतो त्यांनी तो खाण्यानंतर घ्यावा. मद्य टाळावे. तंबाखूच्या बाबतीत मात्र सवलत देता येत नाही. निकोटिनामुळे संकोचक स्नायूचा दाब घटतो. या जिल्ह्यांत तव्यावर भाजलेली मिश्री सकाळी रिकाम्या पोटी दातांना लावण्याची सवय स्त्रियांमध्ये आढळते आणि ती तंबाखू म्हणून मोजलीच जात नाही. जळजळीची तक्रार घेऊन आलेल्या स्त्रीला मिश्रीविषयी आवर्जून विचारले पाहिजे.

निद्रा : पलंगाच्या डोक्याकडील पायांखाली १५ ते २० सेंमी. उंचीचे लाकडी ठोकळे किंवा विटा ठेवाव्यात. जास्तीच्या उशा घेतल्याने मान वर होते, पण शरीर कमरेत मुडपून पोटावरचा दाब वाढतो. जमिनीवर अंथरूण घालणाऱ्यांना पाठीपासून डोक्यापर्यंत उतरती पाचरीची गादी वापरता येते. डाव्या कुशीवर झोपल्यास जठर अन्ननलिकेपेक्षा खालच्या पातळीवर राहते व वर आलेले आम्ल लवकर परतते.

घरगुती उपाय : थंड दुधाने तात्पुरता आराम पडतो, नंतर त्यातील प्रथिने व कॅल्शियम आम्लस्रावाला चालना देतात. खायच्या सोड्याने किंवा इनोने आम्ल लगेच मारले जाते, पण सोडियमचा भार वाढत असल्याने रक्तदाब, हृदय किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी ते रोज घेऊ नये. भिजवलेल्या काळ्या मनुका, धने-जिऱ्याचे पाणी आणि आवळा यांचा वापर पारंपरिक आहे. सांगलीच्या हळदीविषयी अलीकडे कुतूहल वाढले आहे. तथापि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेली थायलंडमधील कर्क्युमिनची चाचणी अपचनाच्या रुग्णांवर होती, आम्लाच्या उलट प्रवाहाच्या रुग्णांवर नव्हती.

मर्यादा : गिळताना घास अडकणे, विनाकारण वजन घटणे, रक्ताची उलटी, डांबरासारखी काळी शौचास होणे किंवा रक्त कमी होणे यांपैकी काहीही आढळल्यास पथ्य करीत थांबू नये, दुर्बिणीची तपासणी करून घ्यावी. डाव्या हातात, जबड्यात किंवा पाठीत जाणारी कळ, घाम आणि धाप यांसह छातीत दुखत असेल, तर ते पित्त समजून सोडा घेत बसणे जिवावर बेतू शकते. तत्काळ रुग्णालयात जाऊन हृदयाचा आलेख काढावा. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या वेदनाशामक गोळ्या, लोहाच्या गोळ्या आणि रक्तदाबावरील काही औषधे यांनीही जळजळ होते वा वाढते; ती डॉक्टरांना दाखवावीत, परस्पर बंद करू नयेत. ओमेप्रॅझोल वर्गातील औषधे सकाळच्या खाण्यापूर्वी ३० ते ६० मिनिटे घ्यायची असतात आणि पहिला क्रम साधारण ८ आठवड्यांचा असतो. त्यानंतर ती चालू ठेवणे, कमी करणे किंवा थांबविणे हा निर्णय अन्ननलिकेचा दाह किती होता यावर अवलंबून असतो. दीर्घकाळ घेतलेली गोळी एकाएकी सोडल्यास काही आठवडे आम्लस्राव पूर्वीपेक्षा वाढू शकतो; तो मूळ विकार उलटल्याचे चिन्ह असेलच असे नाही, म्हणून मात्रा टप्प्याटप्प्याने उतरवितात.