गुगलवरून आलेलं गिऱ्हाईक पानावर थांबतं का?

(आमच्याकडे वेबसाइट सांभाळायला दिलेल्या होमस्टे आणि छोट्या व्यावसायिकांसाठी)

महिन्याचा रिपोर्ट हातात पडला की सगळे आधी 'किती लोक आले' ते बघतात. आमच्या मते हा सगळ्यात कमी कामाचा आकडा. आलेल्यांनी पुढे काय केलं, ते महत्त्वाचं.

गुगल ॲनालिटिक्स, म्हणजे साइटवर आलेल्यांची नोंद ठेवणारं गुगलचं साधन, एखादी भेट 'एंगेज्ड' कधी धरतं? माणूस १० सेकंदांहून जास्त थांबला, दोन पानं उघडली, किंवा तुम्ही नेमून दिलेली कृती, म्हणजे 'की इव्हेंट', केली तर. तिन्हींपैकी एक पुरे. उरलेल्या भेटींची टक्केवारी म्हणजे बाउन्स रेट.

यात एक गोम आहे. कुणी पान उघडलं, नंबर दिसला, लगेच फोन लावला. तुमच्यासाठी हे पक्कं गिऱ्हाईक, पण हिशेबात बाउन्स! कारण फोन नंबरवरच्या टॅपची नोंद आपोआप होत नाही, ती लावून घ्यावी लागते. म्हणून फोन आणि व्हॉट्सॲपची बटणं आम्ही सर्वांत आधी की इव्हेंट म्हणून जोडतो. त्याआधीच्या बाउन्स रेटवर झोप घालवू नका.

मग गुगलचंच दुसरं साधन, सर्च कन्सोल, उघडायचं. लोक काय शोधत असताना तुमचं पान दिसलं आणि किती जणांनी क्लिक केलं, हे तिथे कळतं. लोक 'गणपतीपुळे होमस्टे भाडे' शोधून येतात आणि पानाची सुरुवात मालकांच्या मनोगताने होते, हे आम्ही वारंवार पाहतो. भाडं लिहिलं तर गिऱ्हाईक बिचकेल, असं अनेकांना वाटतं. न लिहिल्यावर ते शेजारच्या साइटवर जातं, एवढाच फरक. भाडं, खोल्या, जेवणाची सोय आणि फोन नंबर मोबाइलच्या पहिल्या स्क्रीनवरच हवेत. मनोगत खाली चालेल.

वेगाचं थोडक्यात: पानावरचा सर्वांत मोठा फोटो किंवा मजकूर २.५ सेकंदांत दिसावा, असं गुगल म्हणतं. मोबाइलमधून जसेच्या तसे चढवलेले फोटो इथे नडतात. आम्हाला पाठवा, लहान करून देतो.

बदल केल्यावर मे महिन्याची तुलना जुलैशी करू नका. गेल्या मेशी करा. सर्च कन्सोलमध्ये १६ महिन्यांची माहिती असते.

आणि हो, ॲनालिटिक्स आणि सर्च कन्सोल, दोन्हीकडे मालक म्हणून तुमचंच जीमेल खातं असू द्या. आम्हाला कामापुरती परवानगी पुरते. उद्या तुम्ही दुसऱ्या कुणाकडे काम दिलंत, तरी जुनी माहिती तुमच्याकडेच राहील.