खालची कवळी हलते, चावा चुकतो: इम्प्लांटने काय होतं, काय नाही

"भाकरीचा तुकडा तोडायला गेलं की खालची कवळी वर येते." आमच्या दवाखान्यात सर्वांत जास्त ऐकू येणारी ही तक्रार. कुणी एकाच बाजूने चावतं, कुणाच्या कवळीखाली दाण्याचा कण अडकला की डोळ्यांत पाणी येतं, कुणी लग्नात पंगतीला बसायचंच टाळतं. मग बरेचजण थेट म्हणतात, "इम्प्लांट बसवून द्या." त्यांनी आधी हे वाचावं.

वरच्या कवळीला टाळूचा आधार असतो. रुंद टाळू आणि कवळी यांच्यामधला लाळेचा पातळ थर तिला धरून ठेवतो. खालची मात्र नालाच्या आकाराची, अरुंद हिरडीवर टेकलेली. आतून जीभ ढकलते, बाहेरून गाल. त्यात दात गेले की जबड्याचं हाड झिजत जातं, आणि खालचं हाड वरच्यापेक्षा साधारण चौपट झिजतं. दहा वर्षांपूर्वीची कवळी आता बसत नाही, यात ती करणाऱ्याचा दोष असेलच असं नाही. ज्या हिरडीचं माप घेतलं होतं, ती हिरडीच उरलेली नाही.

चावा, म्हणजे वरचे-खालचे दात एकमेकांवर बसण्याची पद्धत, बिघडतो तो इथूनच. हाड उतरतं, कवळीचे दात घासतात, तोंड पूर्वीपेक्षा जास्त मिटतं. हनुवटी नाकाकडे येते, ओठांच्या कोपऱ्यांत लाळ साचून चिरा पडतात. हलणारी कवळी सावरायला माणूस नकळत जबडा पुढे किंवा एका कुशीला नेऊन चावायला शिकतो. ही सवय इतकी मुरते, की आम्ही तीनदा "दात मिटा" म्हटलं तर दात तीन वेगळ्या जागी मिटतात.

इम्प्लांट म्हणजे हाडात बसवलेला टायटॅनियमचा स्क्रू. हाड त्याला घट्ट धरतं. स्वीडनच्या डॉ. ब्रॉनेमार्क यांनी 1965 मध्ये पहिल्या रुग्णाच्या जबड्यात असे स्क्रू बसवले. खालची पूर्ण कवळी असेल, तर सुळ्यांच्या जागी दोन इम्प्लांट अनेकांना पुरतात. ब्लाऊजच्या टिचबटणासारखी सोय असते: बटण इम्प्लांटवर, खाच कवळीत. दाबली की बसते, ओढली की निघते. 2002 मध्ये कॅनडातल्या मॅक्गिल विद्यापीठात जमलेल्या तज्ज्ञांनी खालच्या जबड्यासाठी दोन इम्प्लांटवरची कवळी हाच पहिला पर्याय मानावा, असं म्हटलं होतं. म्हणून सहा-आठ इम्प्लांटचा खर्च कुणी सांगितला, तर "दोनांत का भागणार नाही?" हे जरूर विचारा. कधी कधी खरंच भागत नाही. वरचं हाड मऊ असतं, तिथे बहुधा किमान चार लागतात.

आता आमचं स्पष्ट मत. इम्प्लांट कवळी धरून ठेवतं. चावा जुळवत नाही. चुकीच्या चाव्याची कवळी बटणांवर बसवली, तर चुकीचा चावाच पक्का होतो. खऱ्या दाताच्या मुळाभोवती तंतूंची गादी असते, त्यामुळे खडा लागला की लगेच कळतं. इम्प्लांटला ती गादी नाही. एक दाढ उंच राहिली तरी तुम्हाला सहज जाणवणार नाही, आणि भार मात्र रोज पडत राहील: बटणं सैल होतील, कवळीला तडा जाईल. म्हणून आम्ही आधी कवळी नव्याने करतो किंवा चावा दुरुस्त करतो, रंगीत कागद चाववून खुणा तपासतो, काही आठवडे ती वापरायला देतो. ती सोसली की मगच स्कॅन आणि इम्प्लांट. घाई असलेल्यांना हे आवडत नाही, ठाऊक आहे.

वर पूर्ण कवळी आणि खाली फक्त पुढचे खरे दात, ही जोडी विशेष त्रासदायक. सगळा जोर पुढे पडून वरचं पुढचं हाड झिजतं, हिरडी मऊ होऊन हलू लागते. अशा वेळी खाली मागच्या बाजूला इम्प्लांटचा आधार देण्याचा विचार करावा लागतो.

खालच्या जबड्यात हाडाने इम्प्लांट घट्ट धरायला साधारण तीन महिने जातात, वरच्याला जास्त. तोवर कवळी आतून मऊ अस्तर लावून वापरता येते. बटणांतल्या नायलॉनच्या चकत्या झिजतात, त्या अधूनमधून बदलाव्या लागतात. रात्री कवळी काढून पाण्यात ठेवा आणि बटणांभोवती मऊ ब्रश फिरवा.

मधुमेह असेल तर एचबीए1सीचा (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर दाखवणाऱ्या रक्ततपासणीचा) ताजा रिपोर्ट आणा. तंबाखू, मिश्री लपवू नका. जखम भरताना ती कळतेच. हाडं ठिसूळ झाल्याबद्दल गोळ्या किंवा इंजेक्शनं चालू असतील, जबड्याला रेडिएशन झालं असेल, तर ते पहिल्याच भेटीत सांगा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नका.

येताना जुन्या सगळ्या कवळ्या आणा, तुटलेल्यासुद्धा. आणि त्या दिवशी कवळीला चिकटवायची पेस्ट लावू नका. ती नेमकी कुठे हलते, तेच आम्हाला पाहायचं असतं.